पी५३चा रंग आणि बातम्यांचा उत्साह

महोदय,

तोंडाचा कर्करोग आता एका प्रथिनावरून ओळखता येणार, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. पण यासाठी तपासले जाणारे पी५३ हे प्रथिन भल्याभल्यांना चकवणारे आहे. १९७९ मध्ये सापडले तेव्हा ते कर्करोग घडवणारे मानले गेले; ते गाठ रोखणारे आहे, हे कळायला दहाएक वर्षे गेली! निरोगी पेशीत ते बनते आणि लगेच मोडले जाते, म्हणून बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर हे प्रथिन दाखवणारा रंग लावला तरी तो जेमतेम दिसतो. त्याचे जनुक बिघडले की बहुतेकदा निकामी प्रथिन केंद्रकात साचते आणि रंग गडद होतो. म्हणजे रंग जास्त तर संरक्षण जास्त, असे अजिबात नाही. काही बिघाडांत तर प्रथिन तयारच होत नाही. मग रंग साफ गायब, आणि तेही वाईटच. पी१६ या दुसऱ्या प्रथिनाची गोष्ट निराळी. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाच्या कर्करोगात ते एचपीव्ही या विषाणूची खूण म्हणून उपयोगी पडते, तोंडाच्या पोकळीत मात्र त्यावर तेवढे विसंबता येत नाही.

‘प्रथिन वाढले’ एवढेच न छापता कोणते, कुठल्या जागी, आणि ही तपासणी बायोप्सीच्या जोडीला की तिच्याऐवजी, हेही बातमीत यावे.

– एक वाचक