कॅराव्हॅन पर्यटनाला आधी गावांची साथ हवी

संपादक महोदय,

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून होणाऱ्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते त्यात गाडीतल्या पलंगाचे, शेगडीचे आणि वातानुकूलनाचेच वर्णन अधिक असते. सिडनीत राहणाऱ्या आम्हा पती-पत्नींनी अलीकडेच मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रोकन हिल या खाणींच्या शहरापर्यंत प्रवास केला. त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत जे प्रकर्षाने जाणवले, त्याचा या चर्चेत कुठेही उल्लेख होत नाही, म्हणून हे पत्र.

सिडनी ते ब्रोकन हिल हे अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर आहे. ब्लू माउंटन्सचे डोंगर ओलांडून बॅथर्स्ट आणि डबो मागे टाकले की गव्हाची शेते व मेंढ्यांची कुरणे विरळ होत जातात, आणि निंगनपासून बॅरियर महामार्गाला लागल्यावर दोन्ही बाजूंना तांबडी माती, खुरटी झुडपे आणि रानटी शेळ्यांचे कळप एवढेच दिसत राहते. कोबार ते विलकॅनिया हे अंतर सुमारे २६० किलोमीटरचे असून एमडेल येथील रोडहाउस (महामार्गावरचे इंधन व खाण्यापिण्याचे ठिकाण) सोडले तर वाटेत थांबावे असे ठिकाण नाही, आणि मोबाइलचा संपर्कही बराच काळ तुटलेला असतो. सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येऊ लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या आत मुक्कामी पोहोचायचे, हा नियम तिथले अनुभवी प्रवासी कटाक्षाने पाळतात. साडेछत्तीस मीटरपर्यंत लांबीच्या, एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या मालट्रकच्या गाड्या, म्हणजे ‘रोड ट्रेन’, याच रस्त्याने जातात. त्यांच्या चालकांशी बोलण्यासाठी कॅराव्हॅनवाले रेडिओचा ४० क्रमांकाचा चॅनेल चालू ठेवतात. कॅराव्हॅन मागे असताना वेग कमी ठेवावा लागतो, म्हणून घरी बसून आखलेले दिवसाचे अंतर प्रत्यक्षात बरेच कमी करावे लागते.

अशा मुलखात गाडी कितीही सुसज्ज असली तरी दोन-तीन दिवसांत तिची पाण्याची टाकी रिकामी होते आणि शौचालयाची टाकी भरते, आणि तिथून पुढचा प्रवास गावांच्याच भरवशावर चालतो. निंगनची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, तर विलकॅनियाची त्याहूनही कितीतरी कमी. तरीही या भागातल्या लहान गावांत लांब गाडी उभी करण्याची जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छ सार्वजनिक शौचालय आणि गाडीतला मैला रीतसर रिकामा करण्याचा ‘डम्प पॉइंट’ या सोयी प्रवाशाला मिळतात. पाणी पिण्यायोग्य नसेल तर नळावर तशी पाटी असते. अनेक गावांत वार्षिक कृषी प्रदर्शनाचे मैदान एरवी मुक्कामासाठी खुले असते. काही ठिकाणी तर शुल्क घेण्यासाठी माणूसही नसतो, आपणच पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे असतात. कॅराव्हॅन आणि मोटारहोम (गाडीतच घर असलेले वाहन) धारकांच्या राष्ट्रीय क्लबने अशा सोयी देणाऱ्या गावांना ‘आरव्ही फ्रेंडली टाउन’, म्हणजे अशा वाहनांना अनुकूल गाव, म्हणून मान्यता देण्याची योजना चालवली आहे. प्रवासी थांबला की इंधन, पाव, भाजी, कधी टायरही तिथेच घेतो, हा व्यवहार त्या गावांना नेमका कळला आहे.

पाण्याचा प्रश्न तिथे किती नाजूक आहे, हे विलकॅनियाला डार्लिंग नदीच्या काठी उभे राहिल्यावर कळते. बार्किन्जी आदिवासी तिला ‘बाका’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या गासड्या वाहणाऱ्या वाफेच्या बोटी याच नदीतून जात, आणि याच नदीवर मेनिंडी येथे २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मृत माशांचा प्रचंड खच पडला. अशा प्रदेशात कुणी टाकीतले घाण पाणी उघड्यावर सोडले, तर गावकरी ते खपवून घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

या वाटांशी आपलेही एक जुने नाते आहे. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या, ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्याच्या मोहिमेसाठी उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला नेले गेले, तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होते. ती मोहीम मेनिंडीवरूनच उत्तरेकडे गेली. पुढे कित्येक दशके अफगाणिस्तान आणि तत्कालीन हिंदुस्थानातून आलेल्या उंटवाल्यांनी या कोरड्या मुलखातल्या खाणींना आणि वस्त्यांना माल पुरवला. ब्रोकन हिलमध्ये त्यांनी उभारलेली पत्र्याची छोटी मशीद आजही जपलेली आहे. मराठी पर्यटकांनी ती आवर्जून पाहावी. मात्र ब्रोकन हिलची घड्याळे सिडनीच्या अर्धा तास मागे असतात, हे लक्षात ठेवून वेळ ठरवावी.

आपल्या धोरणात कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे, परंतु पार्कपर्यंतच्या वाटेवर काय, हे अधिक महत्त्वाचे आहे. मुंबई-गोवा महामार्गाचेच उदाहरण घेतले, तर महाड, चिपळूण आणि सावंतवाडी येथील नगरपरिषदांनी पिण्याच्या पाण्याचा एक नळ, लांब गाडीसाठी सावलीतली जागा आणि मैलाशुद्धीकरणाशी जोडलेला एक डम्प पॉइंट एवढीच सुरुवात केली, तरी हा प्रवास शक्य होईल. पर्यटन विभागाने नव्या गाड्यांना उत्तेजन देण्याआधी या कामासाठी नगरपरिषदांना निधी द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला एक वाचक,
सिडनी, ऑस्ट्रेलिया