उचललेला पाय

प्रिय मीनू,

तुझ्या चित्रपुस्तकाची डमी (छपाईआधीची नमुना प्रत) परवा हातात पडली आणि तेव्हापासून तीनदा वाचून झालीय, त्यातली दोनदा भाचीला मांडीवर घेऊन. फोन केला असता पण फोनवर मी "छान झालंय गं" म्हणून मोकळी होते, आणि या पुस्तकाला तेवढं पुरणार नाही.

त्या बगळ्याच्या पिल्लाचा पाय! आईकडे जावं की बाकीच्या पिल्लांकडे हे ठरत नाही म्हणून नदीच्या मधोमध दगडावर एका पायावर उभं, दुसरा पाय पोटाशी, आणि पानामागून पान उलटलं तरी तो पाय काही खाली येत नाही. बगळे तसे उभे राहतात ते अंगातली ऊब टिकवायला, म्हणजे तू पक्ष्याची खरीच सवय उचललीस आणि सगळी चलबिचल तिच्यात भरलीस. मोठ्यांच्या गोष्टीत हेच सांगायला दोन पानं विचार लिहावे लागतात, इथे पाच वर्षांचं पोर नुसतं पायाकडे बघतं आणि त्याला कळतं की याचं अजून ठरत नाहीये. दुसऱ्यांदा वाचताना भाची प्रत्येक पानावर आधी पायच शोधत होती.

आणि ते घडीचं. प्रत्येक जोडपानात पिल्लू बरोब्बर मधल्या घडीवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे, मनाचं तळ्यात-मळ्यात कागदालाच करायला लावलंस. (प्रिंटरशी बोल मात्र, बाइंडिंगमधे चोच गडप होईल.) आपण डावीकडून उजवीकडे वाचतो म्हणून उजवीकडे बघणारं पिल्लू निघाल्यासारखं वाटतं आणि मान डावीकडे वळली की परत फिरल्यासारखं, हे तू फार सुंदर वापरलंयस. उर्दूत काढायचं ठरलं तर सगळी चित्रं उलटी करावी लागतील बघ.

आता खटकलं ते सांगते. डावीकडच्या काठावर आई, उजवीकडच्या काठावर बाकीची पिल्लं, पण दोन्ही काठ तू एकसारखे एक काढलेस, तीच झाडं, तोच हिरवा. पारडी समान दाखवायची होती हे कळलं. दोन सारख्या गवताच्या ढिगांमधे उपाशी मरणाऱ्या गाढवाची गोष्ट आहे ना, चौदाव्या शतकातल्या बुरिदान या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावावर चालते (त्याच्या लिखाणात ती सापडत नाही, ते जाऊदे), अगदी तसं झालंय. पण माणसं अशी अडकत नाहीत गं, दोन्ही सारखंच असेल तर कुठलंही घेऊन मोकळी होतात. त्याच्या कितीतरी आधीचा ॲरिस्टॉटलचा दाखला मला जास्त पटतो, भूक आणि तहान सारखीच लागलेला माणूस, खाणं आणि पाणी यांच्या मधे उभा. तिथे दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही हव्यात, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. म्हणून आईच्या काठावर दाट सावली दे, पिल्लांच्या काठावर डोळे दिपवणारं ऊन दे, दोन्हीकडे जावंसं वाटलं पाहिजे.

आणि ते घुबड काढून टाक. प्लीज. १६-१६ पानांचे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद), एकूण ३२ पानं, त्यातली चार एक शहाणं घुबड खातं आणि सांगतं काय की मनाचं ऐक. मी नोकरी सोडू की नको करत सात महिने काढले तेव्हा तू रोज रात्री ऐकून घेतलंस, तेच तेच, आणि एकदाही सांगितलं नाहीस की असं कर. तेव्हा मला राग यायचा, नंतर कळलं की त्यामुळेच तो निर्णय माझा राहिला. मग तुझ्या पिल्लाला का सांगायला जातेस?

त्या चार पानांत शब्दच नकोत. मॉरिस सेंडॅकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या मुलांच्या चित्रपुस्तकामधे (१९६३चं) चित्रं पानागणिक मोठी होत जातात आणि मधे सलग तीन जोडपानं एकही शब्द नाही, तिथे मूल आपोआप गप्प होऊन बघतं. तुझ्याकडेही तसं कर, पाय हवेत, अजून हवेत, किंचित खाली, आणि मग पान उलटायचं. पान उलटणारा हात मुलाचा असतो ना, म्हणजे पाय खाली टाकायचं काम तेच करतं. पुढच्या पानावर नुसती पाण्यावरची वर्तुळं, आणि पिल्लू पहिल्यांदाच घडीवरून बाजूला सरकलेलं. कुठल्या काठाकडे ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही. फक्त मागे राहिलेला काठ शेवटच्या चित्रात पुसू नकोस, लांब दिसूदे, आई तिथे उभी असेल तर असूदे.

नवी डमी झाली की लगेच पाठव. भाचीने विचारायला सांगितलंय की पाय टाकला तेव्हा पाणी गार होतं का.

तुझीच,
सुमी