घरी शिकणाऱ्या मुलांचे दाखले अडवू नका!

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

याच आठवड्यात सोलापुरातल्या एका शाळेने चौथी पास झालेल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला अडवला. आईवडील तिला घरी शिकवणार, म्हणून अर्जात पुढच्या शाळेचं नाव नव्हतं. “दुसऱ्या शाळेचं मागणीपत्र आणा, मग बघू.” साहेब, पुढे शाळाच नाही तर मागणीपत्र देणार कोण?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 स्पष्ट आहे. दाखला तातडीने द्यायचा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. पण हे सगळं ‘दुसऱ्या शाळेत’ जाणाऱ्या मुलासाठी. आमची मुलं नेमकी तिथे अडकतात. कलम 10 प्रवेशाचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण त्यासाठी शिक्षा सांगत नाही, आणि घरच्या शिक्षणाचं कायद्यात नावच नाही. ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत मुलाचं नाव जुन्या शाळेतच पडून राहतं. महिनाभर गैरहजर दिसलं की तेच मूल शाळाबाह्य ठरतं आणि सर्वेक्षणाचे गुरुजी दारात उभे. त्यांनाही काय लिहायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

पुढे दहावीला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म भरताना मूळ दाखला मागतात. म्हणून नव्या पालकांना आम्ही आधी हेच सांगतो, जे खरं तर तुमच्या कार्यालयाने सांगायला हवं : शाळा सोडण्याआधी जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंदवही यांतलं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. नंतर नोंदवहीतली दुरुस्ती फार अवघड.

मग शिकवणं. पहिली चूक सगळीकडे तीच, शाळेचं वेळापत्रक घरात आणणं. सहा तास बसवलेलं मूल पंधरवड्यात पुस्तकाला हात लावेनासं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समोरासमोर शिकवताना दोन-अडीच तास पुरतात. उन्हाळ्यात सोलापुरात सकाळी दहाच्या आत उरकावं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू असेल तर गणित आधी तेलुगूतच समजावावं, मराठी वाचन वेगळं घ्यावं. यंत्रमागावरचा 30 बाय 60 इंची टॉवेल मोजायला द्या. क्षेत्रफळ 1800 चौरस इंच मूल पटकन सांगतं. सेंटिमीटरमध्ये विचारलं की 1800 ला 2.54 ने गुणून 4572 म्हणतं. टेपने दोन्ही बाजू पुन्हा मोजू द्या, साधारण 76 गुणिले 152, म्हणजे साडेअकरा हजारांच्या वर. लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, हे त्याला तेव्हा कळतं. असं काम तारीख घालून फाइलला लावावं, महिन्याला प्रत्येक विषयाचं एक पान. मूल पुन्हा शाळेत गेलं तर कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, पण तिथल्या बाईंना त्याला काय येतं ते दाखवायला ही फाइलच कामी येते.

केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था 14 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वयंघोषणेवर दहावीला प्रवेश देते. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. मग चौथीतून बाहेर पडलेल्या पोरीला तिथवर पोहोचवणारा कागद तुमच्या एकाही टेबलावर का नसावा?

कारण आम्ही ओळखून आहोत. संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं मंजूर करताना, पदं पटावर ठरतात. एक नाव गेलं तर एखादं पद जाईल, या धास्तीने मुलं हजेरीपटावर धरून ठेवली जातात. पदं वाचवायचं ओझं लेकरांच्या दाखल्यावर टाकणारी ही व्यवस्था तुमच्या खात्याने उभी केली आहे. हे मूल शिकतंय का, असं एकही अधिकारी विचारत नाही. विचारतात ते कोणत्या शाळेत आहे एवढंच.

एक परिपत्रक काढा. पालकाच्या लेखी अर्जावर, मागणीपत्राशिवाय, सात दिवसांत दाखला. ‘सरल’मध्ये ‘घरी शिक्षण’ अशी स्वतंत्र नोंद. गटशिक्षणाधिकारी आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या कार्यालयात मुक्त विद्यालयाची माहिती फलकावर. आणि या मुलीचा दाखला जूनच्या आत तिच्या हातात पडू द्या.

घरी शिकवणारे पालक,
सोलापूर