तुझ्या ट्रायमरानच्या ड्रॉइंगबद्दल

ब्राह्मणवेल, ता. साक्री
आखाड

प्रिय रवी,

फ्रान्समधल्या लोरियाँहून पाठवलेली तुझ्या ट्रायमरानची, म्हणजे तीन धडांच्या शिडाच्या नौकेची, ड्रॉइंग मिळाली. इथं वारं असं सुटलंय की पवनचक्क्या रात्रंदिवस फिरताहेत, पात्यांच्या दुरुस्तीला वर चढायची सोयच नाही. त्यामुळे निवांत पाहता आली. समुद्र आपला नव्हे भो, आपली तापी. पण वारा आणि फायबर यांतलं थोडं कळतं, त्या जोरावर लिहितो.

तुझी डोलकाठी मला फार उंच वाटते. एकाच धडाच्या नौकेला तळाशी शिशाचं वजन असतं, कलंडली तरी उठते. तुझ्या नौकेत ते वजनच नाही, आहे ती फक्त रुंदी. वाऱ्याकडची उलांडी, म्हणजे बाजूचं धड, पाण्याबाहेर, भार सगळा पलीकडच्या उलांडीवर. वेग येतो तो त्यातूनच, पण एकदा उलटली की उलटीच राहणार.

‘ग्रुपामा ३’ ही ट्रायमरान आठव. ३१.५ मीटर लांब, २२.५ रुंद. २००८ मध्ये न्यूझीलंडजवळ उलांडी मोडली आणि नौका उलटली. दुरुस्त करून २०१० मध्ये दहा जणांनी ४८ दिवसांत पृथ्वीला वळसा घातला, शिडानं न थांबता सगळ्यात जलद वळसा घालणाऱ्याला मिळणारा ज्यूल व्हर्न करंडक मिळवला. पुढं तीच नौका ‘इडेक स्पोर्ट’ म्हणून फ्रेंच नाविक फ्रान्सिस जॉयॉनकडे गेली. काठी आखूड, माणसं सहाच, आणि २०१७ मध्ये ४० दिवस २३ तास! हवामानानं साथ दिली असेल, तरी त्या आखूड काठीचा वाटा मी सोडणार नाही.

आमच्या पवनचक्कीच्या पात्याच्या टोकाला वाहत्या वाऱ्यापेक्षा स्वतःच्या फिरण्याचाच वारा जास्त लागतो. तुझंही तेच. नौका वाऱ्यापेक्षा जोरात पळाली की वारा पुढूनच येणार, मग शीड वाढवून किती मिळणार? उंचावरचं वजन मात्र प्रत्येक लाटेला झोके घेत उलांड्यांना जोडणाऱ्या आडव्या बीमला पिळत राहील.

आणि बीम उलांडीला मिळतो तो जोड तू फारच पातळ ठेवलास. पातं मधोमध क्वचित जातं रे. जातं ते जोडाशी, जाडी बदलते तिथं, थर आतल्या गाभ्यापासून सुटतो तिथं. वरून चकचकीत दिसतं, नाण्यानं ठोकत गेलं की एका जागी बद्द आवाज येतो. वजन वाचवायचंच तर काठीत वाचव, तिथं नको.

हिवाळ्यात आलास तर बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी आहेच. त्याआधी त्या जोडाचा छेद पाठव. कार्बनचे थर कोणत्या दिशेनं टाकलेस तेही लिही.

तुझा,
सुनील