डाव्या हाताला मांडलेल्या खुर्चीबद्दल

ताई, रामराम.

आप्पांना सर्व्हायकल डिस्टोनिया, म्हणजे मानेचे स्नायू आपोआप आवळून मान एकीकडे ओढणारा आजार. त्यांना तुमच्याकडे दाखवायला आणलं, तेव्हा त्यांची मान डावीकडे ओढलेली पाहिलीत आणि काही विचारायच्या आधीच तुम्ही आपली खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या हाताला मांडलीत. पहिले आभार त्या खुर्चीचे. समोरच्याकडे बघायचं म्हणून मान जबरदस्तीने सरळ केली की ती आणखी खेचते, थरथरते, ठणकते. तोवर जो भेटला तो हेच म्हणायचा, 'इकडं बघा, सरळ बसा.'

त्या मंडळींबद्दल बरं लिहायची इच्छा होत नाही. एकाने गळ्यात पट्टा बांधला, दुसऱ्याने 'टेन्शन घेऊ नका' म्हणत झोपेची गोळी दिली, एका मालिशवाल्याने तर मान पिळून कट्ट आवाज काढला. एमआरआयमध्ये काही निघालं नाही, म्हणजे आजारच नाही! सर्व्हायकल डिस्टोनियात तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. बिघाड मणक्यात नसतो, मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या हुकमात असतो. पट्ट्याने हुकूम थांबत नाही. स्नायू दिवसभर पट्ट्याशीच कुस्ती खेळतो.

तुम्ही मात्र बोट ठेवून दाखवलंत: मान डावीकडे वळते तेव्हा पुढून ओढणारा स्नायू बहुधा उजवा, कानामागून छातीच्या हाडापर्यंत गेलेला, मागचा मात्र डावाच. न्यूरॉलॉजिस्ट बोटुलिनमची, म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं याच हिशेबाने देतात. गुण यायला आठवडा-दोन आठवडे, पूर्ण जोर महिन्याभरात, तिसऱ्या महिन्याअखेर ओसरतं. कळ सोसत नाही म्हणून १२ आठवड्यांच्या आत पुन्हा टोचून घ्यायचं नाही, नाहीतर शरीर औषधाविरुद्ध तयार होतं आणि गुण येईनासा होतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत घास अडकू लागला तर कळण्याची कोरडी भाकरी बाजूला ठेवून वरणात कुस्करलेला भात. पाण्यानेही ठसका लागला किंवा दम लागला तर घरी थांबायचं नाही, तडक दवाखाना.

आणि तुम्ही दाखवलेली ती दोन बोटं! आपलीच, आपल्या हनुवटीला किंवा गालाला नुसती टेकवायची. ढकललं की स्नायू उलटा जोर लावतो. टेकवलं की कित्येकांची मान घटकाभर निवते. काहींना गळ्यातल्या रुमालाचा स्पर्शही पुरतो, काहींना उंच पाठीच्या खुर्चीला डोकं टेकणं. धुळ्याच्या एसटीत डाव्या खिडकीची जागा धरायची, म्हणजे लोकांना वाटतं माणूस बाहेरची कपाशी बघतोय. मोटारसायकल मात्र नको, उजवीकडून येणारी गाडी दिसत नाही.

हे सगळं पुस्तकात सापडेल. खुर्ची सापडणार नाही. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग काम, तशातलंच ते. दुखणाऱ्याला वळायला न लावता आपणच वळायचं.

पुढच्या पेशंटची मान उजवीकडे असेल तर खुर्ची तेवढी पलीकडे सरकवा. आप्पा आले की परत डावीकडे आणा.