हिशेबनीस काका, तुमच्या ताळ्यासाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

1994 साली डिचोलीच्या त्या खाण-कचेरीत मी प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. मांडवीतून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जींचा महिन्याचा तक्ता तोवर तुमच्या वहीत होता. तो मी डॉसवरच्या लोटस 1-2-3 या तक्ते करायच्या प्रोग्रॅममध्ये करायचा, असं ठरलं. ही पोरगी आपलं काम काढून घ्यायला आली, असं तुम्हांला वाटलं असतं तर त्यात नवल नव्हतं. पण तुम्ही पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात.

माझी पहिली बेरीज तुमच्या वहीपेक्षा 1,320 टनांनी कमी भरली. संगणक चुकत नाही, असं मी ठासून म्हटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. "बाय, फरक बघ. चूक कुठं लपलीय ते फरकच सांगतो," म्हणालात आणि एकेक नोंद वाचत गेलात. एका बार्जीचा माल नेमका 1,320 टन होता. त्या आकड्याआधी माझ्या हातून एक एकेरी अवतरणचिन्ह (') पडलं होतं. पडद्यावर तो आकडाच दिसत होता, फक्त घरात डावीकडे सरकलेला. लोटसच्या लेखी मात्र ती अक्षरं होती, आणि बेरजेत अक्षरांची किंमत शून्य.

त्याच दुपारी पातळभाजी-पाव खाता खाता तुम्ही नवाची युक्ती सांगितलीत. फरकाला नवानं पूर्ण भाग गेला, तर आधी अंकांची अदलाबदल शोधायची: 1,284 चे 1,248 झाले की फरक 36. आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा कोपऱ्यातल्या एकाच घरात जुळल्या पाहिजेत, हेही तेव्हाच. कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे एक्सेल आलं. 2003 च्या आवृत्तीपर्यंत एका पानावर 65,536 ओळीच मावायच्या. एका कामात वजनकाट्याच्या नोंदी त्याहून जास्त होत्या; उरलेल्या गळाल्या, तरी खाली बेरीज नीटनेटकी दिसत होती. बेरजेआधी नोंदी मोजायच्या, ही तुमची सवय अंगी होती म्हणून ते सापडलं. 2007 मध्ये ओळी 10,48,576 झाल्या. मी अजून मोजते.

2012 मध्ये खाणी थांबल्या, बार्जी काठाला लागल्या, आणि मी औषध कारखान्यांच्या साठ्याचे तक्ते करू लागले.

पण काका, सगळ्यांत मोठे आभार वेगळ्याच गोष्टीचे. तो चुकलेला तक्ता तुम्ही साहेबांना दाखवला नाहीत. दुरुस्त तक्त्यावर 'तयार करणार' पुढे मला सही करायला लावलीत आणि 'तपासणार' पुढे स्वतः केलीत. नोकरीतली माझी ती पहिली सही.

चवथीला डिचोलीत येतेय. ती वही जपून ठेवली असेल, तर मला एकदा बघायचीय.

तुमची,
बाय