माकडतापाच्या बातमीत नमुना कधी घेतला ते पण छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काजूचा हंगाम आला की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातून माकडतापाच्या, म्हणजे रानातल्या गोचिडी चावून होणाऱ्या व्हायरसच्या तापाच्या, बातम्या येतात, 2015 साली पाळी गावात रुग्ण सापडले तेव्हापासून आम्ही त्या वाचतोय, पण बातमीत असतं काय तर रक्ताचे इतके नमुने पाठवले, इतके निगेटिव्ह, बस. त्यावरून लोक काय अर्थ काढतात ते मी इथे रोज ऐकते म्हणून हे पत्र.

आमच्या वाड्यावरचा एक जण बागायतीत काजूची बोंडं गोळा करायला जायचा, तो तापला. दुकानातल्या गोळ्या घेऊन ताप अंगावर काढला आणि आरोग्य केंद्रावर गेला तो थेट दुसऱ्या आठवड्यात. पीसीआर, म्हणजे रक्तात व्हायरस आहे का ते शोधणारी टेस्ट, निगेटिव्ह आली. मग डॉक्टरांनी अँटीबॉडीची, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनांची, टेस्ट करायला लावली, त्यात माकडतापच निघाला. आता अख्खा वाडा म्हणतो पीसीआर खोटी. अहो खोटी नाही हो, ती टेस्ट व्हायरसच्या जनुकांची कॉपी काढते आणि कॉपी काढायला मूळ प्रत तर नमुन्यात हवी ना!

ही कॉपी काढायची रीत माणसाने पेशीकडूनच घेतलीय. पेशी दोन व्हायच्या आधी सगळा डीएनए दुप्पट करते. हेलिकेज नावाचं एन्झाइम (पेशीतली कामं करणारं प्रथिन) डीएनएचे दोन धागे सुटे करतं आणि पॉलिमरेज नावाचं दुसरं एन्झाइम प्रत्येक जुन्या धाग्यासमोर जोडीचं अक्षर बसवत जातं; डीएनएची अक्षरं चारच, ए समोर टी, जी समोर सी. म्हणजे प्रत्येक नव्या डीएनएत एक धागा जुना आणि एक नवा, हे मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी 1958 साली दाखवलं. गंमत अशी की दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेचे असतात आणि पॉलिमरेज एकाच दिशेने लिहू शकतं, त्यामुळे एक धागा सलग होतो आणि दुसरा तुकड्या-तुकड्यांनी, शेतात रोप लावणाऱ्या बायका मागे सरकत एक पट्टा पुरा करतात आणि परत पुढे येऊन दुसरा धरतात ना, तसं. मग लायगेज नावाचं एन्झाइम ते तुकडे जोडतं. आपल्या एका पेशीत अक्षरांच्या सुमारे 600 कोटी जोड्या आहेत आणि पॉलिमरेजचा वेग सेकंदाला 50 च्या आसपास, एकाच जागी सुरू केलं असतं तर जवळजवळ 4 वर्षं गेली असती, पण हजारो ठिकाणी एकदम काम सुरू होतं आणि 8 तासांच्या आसपास संपतं. शिवाय लिहिलेलं परत तपासलं जातं, दुरुस्ती धरून शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक राहते. इतकी वर्षं शिकवलं तरी मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

लॅबमध्ये हेलिकेज नसतं, तिथे उष्णता. 95 डिग्रीला धागे सुटे होतात, मग थंड केलं की प्रायमर म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात, आणि 72 डिग्रीला पॉलिमरेज पुढचं लिहितं. ही युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांना 1983 साली सुचली, 1993 ला नोबेल मिळालं. एवढ्या उष्णतेत टिकणारं एन्झाइम आलं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियापासून. दर फेरीला दुप्पट, 30 फेऱ्यांत एकाचे 107 कोटी, निदान हिशोबाने तरी. पण कॉपी होते ती फक्त दोन प्रायमरच्या मधल्या तुकड्याची, आणि शून्याला कितीही वेळा दुप्पट करा, शून्यच!

माकडतापाचा व्हायरस आरएनएचा, म्हणून आधी त्याचा डीएनए करून घेतात आणि मग कॉपी, 2020 पासून आरटी-पीसीआर म्हणून आपण सगळे ऐकतोय ती हीच. हा व्हायरस रक्तात सापडतो तो तापाच्या सुरवातीच्या दिवसांत, पुढे शरीर त्याला आवरतं आणि मग अँटीबॉडीच शोधाव्या लागतात. शिवाय आरएनए नाजूक, नमुना वाटेत नीट थंड राहिला नाही तर तो तुटतो आणि मशीनला काहीच मिळत नाही.

म्हणून विनंती आहे, या बातम्या देताना ताप येऊन किती दिवसांनी नमुना घेतला आणि कुठली टेस्ट केली ते पण छापा. आणि आरोग्य खात्याने काजूच्या बागायतींत, बाजारात, बसस्टँडवर मराठी-कोंकणीत ठळक बोर्ड लावावेत की रानात जाऊन आल्यावर ताप आला तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच केंद्रावर या, आणि रानात गेला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हे बोर्ड बोंडं पिकायच्या आधी लागले पाहिजेत, मे महिन्यात लावून कोण वाचणार?

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
वाळपई, सत्तरी